गणपतीआधीच्या गोळ्या, माला-डी आणि दुष्परिणामांबद्दल आपल्याला सांगतं कोण?

खाडीकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०:१५

सिंधुदुर्गात तालुक्याच्या ठिकाणी आमचं मेडिकल आहे. मी फार्मसिस्ट, काउंटरवर रोज असते. श्रावण लागला की पाळी पुढे ढकलायच्या गोळीची मागणी चढत जाते आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तर ही गोळी सर्दी-तापाच्या गोळ्यांसारखी जाते. कुणी नाव घेत नाही. "ती गणपतीची गोळी द्या" एवढंच. पुष्कळदा बाई स्वतः येतच नाही. नवरा नाहीतर पुतण्या येतो आणि जुन्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा पुढे करतो, "ह्याच द्या, मागच्या वर्षी वहिनीने घेतल्या होत्या."

धागा काढायचं कारण तो तुकडाच आहे. स्ट्रिप कापून दिली की माहितीचा कागद खोक्यातच राहतो, म्हणजे आमच्या ड्रॉवरमध्ये. ही गोळी कुणी घेऊ नये हे त्या कागदावर छापलेलं असतं, पण बारीक इंग्रजीत, आठ घड्या घातलेलं. जिच्या पोटात गोळी जाणार ती तो कागद पाहतही नाही. स्ट्रिपवर 'आरएक्स' आहे, म्हणजे ही चिठ्ठीवर द्यायची गोळी. मी चिठ्ठी मागते. नसेल तर देत नाही, आणि मग ती पुढच्या दुकानात मिळते.

दुसरी गोष्ट. बायकांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोळ्यांची सरमिसळ झालेली आहे.

माला-डी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन या रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या. पाकिटात २८ असतात. २१ गोळ्यांत दोन हार्मोन (लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलीग्रॅम, इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलीग्रॅम) आणि उरलेल्या ७ लोहाच्या. दुसरी आपत्कालीन गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम, ७२ तासांच्या आत एकदाच. आणि तिसरी ही गणपतीची, नॉरइथिस्टेरॉन ५ मिलीग्रॅम, बहुधा दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला १५ मिलीग्रॅम. हेच औषध गर्भनिरोधक 'मिनी पिल' म्हणून परदेशात रोज ०.३५ मिलीग्रॅम देतात. चाळीस पटींहून जास्त झालं. आणि तरी ही गोळी चालू असताना गर्भ राहणार नाही असं धरून चालता येत नाही, कारण ती त्यासाठी दिलेलीच नसते. उलट माला-डी आधीच चालू असेल तर वेगळी गोळी लागतच नाही. लोहाच्या ७ गोळ्या सोडून सरळ पुढचं पाकीट चालू केलं की पाळी पुढे जाते. हे माहीत नसल्यामुळे दोन्ही एकत्र घेणाऱ्या बायका मी पाहते.

काउंटरवर प्रश्न येतात ते ठरलेले: जाड होणार का, पुढे मूल राहील ना, तोंडावर डाग येतील का. विचारायला हवेतच. पण "माझं बीपी वाढलेलं असतं, मला चालेल का?" हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गर्भनिरोधनाचं साधन वापरणाऱ्या स्त्रियांना त्याचे दुष्परिणाम कधी सांगितले गेले का, असं विचारलं होतं. देशात हो म्हणणाऱ्या सुमारे ६२ टक्के. उरलेल्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? काय त्रास झाला, कुठे दाखवलंत? लिहा. डॉक्टर-दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

चाकरमानीण | ४ ऑगस्ट, रात्री ११:०२

डोंबिवलीहून लिहितेय, सासर कुडाळकडे. माझ्या धाकट्या जावेचं सांगते, तिला विचारूनच. लग्नानंतरचा पहिला ओवसा होता, म्हणजे नव्या सुनेने गौरी पूजायचा विधी. गौरीच्या दिवशी नवी सून ओवसायला नाही बसली तर घरात केवढं होतं ते कोकणातल्या बायकांना सांगायला नको. तारीख नेमकी तिथेच येत होती. शेजारणीने गोळ्या दिल्या, शेजारणीच्याच उरलेल्या.

रात्रीची गाडी, महामार्गावर वाहतूक तुंबलेली, पाय मुडपून बसलेली. लघवीला उतरायला जागा नाही म्हणून पाणीसुद्धा पीत नव्हती. गावी पोहोचल्यावर डावी पोटरी दुखायला लागली. सगळ्या म्हणाल्या प्रवासाने होतं. एका ठिकाणी दाखवलं तर क्रेप बँडेज बांधून दिलं. गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही, कारण ते 'औषध' आहे असं हिच्या मनातच नव्हतं. गौरी-विसर्जनापर्यंत पोटरी टणक, गरम आणि दुसऱ्या पायापेक्षा चांगलीच जाड. मग जिल्ह्याच्या ठिकाणी डॉपलर सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गाठ निघाली. कित्येक महिने रक्त पातळ करायची गोळी चालू होती. आता बरी आहे.

ओवसा झाला. पण ते एका वाक्यात मला अजून बोलता येत नाही.

दापोलीकर_डॉक्टर | ५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरची गोष्ट वाचून सविस्तर लिहावंसं वाटलं.

त्या एका गाठीत दोन कारणं एकत्र आली असावीत. तासन् तास न हलता बसणं हे एक, त्यात पाणी कमी. दुसरं म्हणजे ती गोळी. नॉरइथिस्टेरॉनमध्ये इस्ट्रोजेन नसतं म्हणून ते निर्धोक, असं काही डॉक्टरही समजतात. पण एवढ्या मोठ्या मात्रेत घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे माला-डीमध्ये असतं तेच इस्ट्रोजेन. म्हणून जिला माला-डी चालत नाही तिने हीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता भीती किती बाळगायची तेही सांगतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींच्या शिरेत गाठ होते. एकत्रित हार्मोनची (माला-डीसारखी) गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत हाच दर ४० ते ६५ वर जातो. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरं, पण नको असलेलं गरोदरपण त्याहून धोक्याचं आहे. बहुतेक निरोगी तरुण बायकांना ही गोळी चालते. प्रश्न आहे तो ज्यांना चालत नाही त्यांना वेळेत ओळखायचा, आणि त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. बीपीचा पट्टा आणि पाच मिनिटांचं बोलणं लागतं.

मी विचारतो ते हे. बीपी १४०/९० किंवा वर आहे का? वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान आहे का? (आपल्याकडे बायका विडी फार ओढत नाहीत, पण मशेरी लावतात. नियमावलीत धूम्रपानाचा उल्लेख असतो. तरी निकोटीन बीपी चढवतं, म्हणून मशेरीवालीचं बीपी मी दोनदा बघतो.) पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गाठ, पक्षाघात, हृदयविकार? आई-बहिणीला तरुणपणी गाठ झाली होती का? अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा येतात का? काविळीचा किंवा यकृताचा आजार? स्तनाचा कर्करोग? बाळ अंगावर पितं का आणि किती महिन्यांचं? टीबीचं औषध किंवा फिटची गोळी चालू आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. टीबीतलं रिफाम्पिसिन आणि फिटवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. बाई नेमाने गोळी घेते आणि तरी दिवस राहतात.

गोळी चालू असताना यातलं काही झालं तर घरी थांबू नका: एकाच पोटरीत दुखणं-सुजणं, अचानक धाप किंवा छातीत कळ, कधी नव्हे असं डोकं दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, अचानक अंधुक दिसणं, पोटात असह्य दुखणं. १०८ ला फोन करा. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी कोणती गोळी घेता ते आपणहून सांगा.

मालवणची_आवस | ५ ऑगस्ट, दुपारी १:१०

बायांनो, माका एक सांगा गे. माजी सून बाळंत होवन तीन म्हयने झाले, पोर अंगावर पिता. झिलान बाजारातसून माला-डी हाडल्यान. आशाताय म्हणता ह्यो घेव नुको, छाया घे. छायेन पाळी उशिरा येता म्हणतत, म्हणान सून घाबारता. काय घेवचा?

आशाताई_राजापूर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:४५

काकी, तुमच्या आशाताईने बरोबर सांगितलंय. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या बाईला माला देत नाहीत. छाया चालते. ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपल्या देशातली गोळी. बाजारात 'सहेली' नावाने १९९१ पासून आहे, सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून 'छाया' म्हणून फुकट मिळते. तीत माला-डीसारखे हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पाळी लांबते हे खरं आहे, काहींची कमी होते. अंगात रक्त साठतं वगैरे काही नसतं. पण पूर्वी कावीळ झाली असेल किंवा पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा विकार) असेल तर सिस्टरला दाखवूनच घ्यायची.

आता माझं म्हणणं. मी वाडीवाडीत पाकिटं घेऊन फिरते. बायका गोळी सोडतात ती मोठ्या आजारामुळे नाही, मळमळीमुळे. पहिल्या पाकिटाला मळमळतं, डोकं जड होतं, स्तन दुखरे होतात, मध्येच थोडं लाल दिसतं. हे दोन-तीन महिन्यांत बहुतेकींचं थांबतं. रात्री जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी जाणवते. हे आधी सांगितलं असेल तर बाई टिकते. सांगितलं नसेल तर तिला वाटतं गोळी 'लागली', अर्ध्या पाकिटावर सोडते, दुसरं काही वापरत नाही, आणि दोन महिन्यांनी मला बोलावणं येतं. मग गर्भपाताची धावपळ.

म्हणून मला अगदी कळकळीने सांगायचंय, दुष्परिणाम सांगितले तर बायका गोळी घेणार नाहीत असं जे वरच्या पायरीवर काही जणांना वाटतं ते माझ्या वाडीत उलटं आहे. न सांगितल्यानेच सोडतात.

आणखी एक. आमच्याकडे एका घरात पाकीट तांदळाच्या डब्यात तळाला असतं, कारण सासूला दिसलं तर भांडण. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची गोळी बाई डबा उघडायला मिळेल तेव्हा घेते. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घेऊन पाकीट पुढे चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध वापरायचा. ही माहिती पाकिटासोबत डब्यात जायला हवी.

सह्याद्री_माळी | ५ ऑगस्ट, रात्री ८:२०

सगळ्या बायकांना विनंती, ही रसायनं सोडा. गोळ्यांनी गर्भाशय सुकतं, पुढे मूल होत नाही. आमच्या पाहुण्यांत उदाहरण आहे.

दापोलीकर_डॉक्टर | ५ ऑगस्ट, रात्री ९:०५

सह्याद्री_माळी, तुमची काळजी समजते, पण गर्भाशय सुकत नाही. माला-डी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते. पुढच्याच महिन्यात दिवस गेलेल्या बायका मी पाहतो. उशीर होतो तो 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने, आणि तो देताना सांगायला हवा. तुमच्या पाहुण्यांतल्या बाईची तपासणी करून घ्या, आणि नवऱ्याचीही.

या गोळ्यांनी अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी होतो हे भक्कम पुराव्यानिशी माहीत आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असताना किंचित वाढतो, आणि पाच वर्षांहून अधिक घेतल्यास गर्भाशयमुखाचाही. सोडल्यावर दोन्ही उतरत जातात. दोन्ही बाजू बाईसमोर ठेवायच्या आणि ठरवू तिला द्यायचं.

जयगडचा | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पुरुषाने इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. गोळी सुरू झाल्यापासून बायको गप्प गप्प आहे, कारण नसताना रडते. आई म्हणते सुनेला माहेरची ओढ. मला ते पटत नाही. गोळीमुळे असं होतं का?

दापोलीकर_डॉक्टर | ६ ऑगस्ट, दुपारी २:१५

होऊ शकतं. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर २०१६ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांत नैराश्याचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण अधिक दिसलं, १५ ते १९ वयाच्या मुलींत जास्त. गोळीनेच झालं असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, आणि बहुतेकींना हा त्रास होत नाही. पण तुमच्या बायकोला तो गोळीनंतर सुरू झाला असेल तर तेवढं पुरे आहे. तिला घेऊन या, तांबी किंवा दुसरं साधन बघू. तोवर निरोध वापरा. जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली तर त्याच दिवशी दाखवा. तुम्ही लक्ष दिलंत हे फार बरं केलंत.

जुनी_कात्रणं | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

खाडीकाठ यांनी त्या घडी घातलेल्या कागदाबद्दल लिहिलंय, म्हणून हे सांगते. तो कागद सहज मिळालेला नाही. अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला १९६० मध्ये परवानगी मिळाली. त्या वेळच्या गोळीत हार्मोनची मात्रा आजच्या कित्येक पट होती. गाठी झाल्या, मृत्यू झाले. १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे सुनावणी झाली. साक्षीला डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते, गोळी घेणाऱ्या बायकांना बोलावलंच नव्हतं. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुण स्त्रिया उभ्या राहून विचारू लागल्या, आम्हाला हे का सांगितलं नाही? त्यांना बाहेर काढलं, पण त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीचा कागद घालण्याचा निर्णय झाला.

आपल्या दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी तर १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. ज्या किनाऱ्याने हा माणूस दिला तिथल्या बायकांनी शेजारणीच्या उरलेल्या गोळ्यांवर का भागवावं?

खाडीकाठ | ७ ऑगस्ट, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. चाकरमानीण, जावेला माझा नमस्कार सांगा.

दोन दिवस विचार करून आम्ही दुकानात तीन गोष्टी चालू केल्या. एक, दापोलीकर डॉक्टरांनी वर दिलेले प्रश्न एका पानावर मराठीत उतरवले, मोठ्या अक्षरात, आणि गोळी कापून दिली तरी ते पान पिशवीत जातं. दोन, काउंटरच्या बाजूला बीपीचं मशीन ठेवलंय, फुकट. तीन, पुतण्या आला तर त्याला सांगते, वहिनीला फोन लाव, मला बोलू दे. काल अशीच एक ताई फोनवर म्हणाली की पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, आताही मधूनमधून चक्कर येते. तिला गोळी दिली नाही, ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

ज्यांना त्रास झालाय त्यांनी नोंद करा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्णालाही करता येते, त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा फुकट नंबर आहे: १८००-१८०-३०२४. नोंदी नसतील तर त्रास होतच नाही असं धरलं जातं.

आपत्कालीन गोळीबद्दल थोडक्यात, कारण कॉलेजच्या मुली विचारतात. ती दर महिन्याचं साधन नाही. पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते, आणि आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासणी करून घ्यायची.

रानजाई | ७ ऑगस्ट, रात्री १०:४०

हे सगळं वाचून एक वाटतं ते बोलते. आमच्या घरी आजेसासूने नियम केला, अडचण आली तर जाऊ नाहीतर नणंद पूजेचं करेल, बाकी स्वयंपाक, पाहुणे, आरती सगळ्यांनी मिळून. तेव्हापासून गोळी कुणी घेतली नाही. घरातल्या मोठ्या बाईने तोंडाने सांगितलं की लहानीला धीर येतो. ज्यांच्या घरी हे होऊ शकेल त्यांनी चतुर्थीच्या आधी बोलून ठेवा. ऐन वेळी सून विचारू शकत नाही.

मालवणची_आवस | ८ ऑगस्ट, सकाळी ११:२५

सांगलास ता बरा केलास. माला-डी दुकानात परत दिली, सुनेक छाया चालू केली. रानजाईचा पण पटला. आमच्याकडे औंदा धाकटी ओवसतली.

आशाताई_राजापूर | ८ ऑगस्ट, दुपारी ४:००

आमच्या उपकेंद्रात पुढच्या दोन मंगळवारी सकाळी ९ ते १ बायकांचं बीपी आणि हिमोग्लोबिन तपासणार आहोत. सिस्टरशी बोलून ठरवलंय. गणपतीसाठी गोळी घ्यायचा विचार असेल तर आधी तिथे या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, कापलेला तुकडा असेल तर तोही. खाडीकाठ, ते मराठी पान इथे टाका, मी पन्नास प्रती काढून घेते.

दापोलीकर_डॉक्टर | ८ ऑगस्ट, रात्री ९:१०

पान टाकण्याआधी मला एकदा दाखवा. त्यात मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक ओळ घाला: डॉक्टरांनी गोळी दिली असेल तरी प्रवासात दर दोन तासांनी उतरून चालायचं, बसल्या जागी घोटे हलवायचे आणि पाणी प्यायचं. आणि चाकरमानीण यांच्या जाऊबाईंना सांगा, एकदा गाठ होऊन गेली आहे, तेव्हा यापुढे माला-डी आणि गणपतीची गोळी दोन्ही बंद. पुढच्या गरोदरपणात पहिल्याच तपासणीला ही गाठीची फाइल घेऊन जायचं, तेव्हा रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन लागू शकतं.

चाकरमानीण | ८ ऑगस्ट, रात्री ९:३५

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. फाइल माझ्याकडेच आहे, उद्या तिच्याकडे देऊन येते.